स्मार्ट हेल्मेट आले, पण कामामुळे होणाऱ्या आजारांचे काय?

तुमच्या घरातले कोणी कारखान्यात कामाला असेल, तर या गोष्टी कानावर आल्या असतील: हेल्मेट न घालणाऱ्याला ओळखणारे कॅमेरे, नाडीचे ठोके मोजणारे मनगटी पट्टे, फोर्कलिफ्ट जवळ आली की वाजणारे सेन्सर. 28 एप्रिल 2025 च्या जागतिक कार्यस्थळ सुरक्षा व आरोग्य दिनासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) एआय आणि डिजिटल तंत्रज्ञान हाच विषय निवडला होता. कंपन्या सुरक्षेवर पैसा खर्च करतात हे चांगलेच आहे. पण या खर्चातून नेमका कोणता धोका कमी होतो, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

अपघातापेक्षा आजार जास्त जीव घेतात

आयएलओच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 26 लाख माणसे कामाशी संबंधित आजारांनी दगावतात. कामावरच्या अपघातांत जाणारे जीव सुमारे 3 लाख 30 हजार आहेत. म्हणजे अपघातात एक जीव जातो, तेव्हा आजारांनी जवळपास आठ जातात.

तरीही कॅमेरे आणि सेन्सर यांचा भर मुख्यतः अपघातांवर असतो. याचे एक कारण म्हणजे अपघात लगेच दिसतो आणि मोजता येतो. सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सुरक्षेची माहिती वार्षिक अहवालात द्यावी लागते. दुखापतींमुळे किती वेळा काम बुडाले, किती मृत्यू झाले, हे आकडे त्यात असतात. कामामुळे झालेल्या आजारांचीही नोंद तिथे अपेक्षित आहे. पण फाउंड्रीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस व्हायला बहुतेक वेळा दहा-वीस वर्षे लागतात. तोवर कामगाराने कंपनी बदललेली असते किंवा तो निवृत्त झालेला असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर ठेकेदारही बदललेला असतो. मग हा आजार कोणाच्याच अहवालात येत नाही.

मनगटी पट्टा काय करू शकत नाही?

उन्हाळ्यात भट्टीजवळ काम करणाऱ्याची नाडी वाढली, तर पट्टा वेळीच इशारा देऊ शकतो. पण तो धूळ कमी करत नाही आणि मशीनचा आवाजही घटवत नाही.

धोका कमी करण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी धोकादायक वस्तू वापरातून काढणे किंवा बदलणे. मग मशीनला आवरण घालणे, धूळ जागेवरच ओढून घेणे, पाणी मारून काम करणे. त्यानंतर धोक्याच्या जागी राहण्याचे तास कमी करणे. मास्क आणि इअर प्लग सर्वांत शेवटी. म्हणून कंपनीने महागडे यंत्र घेतले, पण धूळ ओढणारा पंखा बंदच असेल, तर तुमच्या फुप्फुसांना काहीच फायदा नाही.

सिलिकोसिस बरा होत नाही आणि त्यात क्षयरोगाचा धोकाही वाढतो. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे.

तुम्ही काय कराल?

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली आहे. ठरावीक वयाच्या किंवा ठरावीक गटातल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी तिने मालकावर टाकली आहे.

- तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या. 'सगळं नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नका.
- धुळीत काम असेल तर छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, होते का ते विचारा. मोठ्या आवाजात काम असेल तर ऑडिओमेट्री विचारा. ही चाचणी शिफ्टच्या आधी व्हावी. आवाजातून थेट उठून आल्यावर निकाल चुकू शकतो.
- सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. नोकरी बदलली तरी ही फाइल तुमच्याकडेच राहते.
- शरीरावर यंत्र लावले असेल, तर त्यातली माहिती कोण पाहते आणि ती कशासाठी वापरली जाते, हे विचारा.

डॉक्टरांना कधी भेटाल?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, चढ चढताना नव्याने लागणारी धाप, कानात सतत गुणगुण, घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे, सुट्टीत कमी होणारा आणि कामावर परतल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी काही असेल तर थांबू नका. डॉक्टरांना 'कारखान्यात आहे' एवढेच सांगू नका. कोणते काम, कोणती धूळ किंवा रसायन, किती वर्षे, हे सांगा. सिलिकोसिस आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा हे कायद्याने सरकारला कळवायचे आजार आहेत. विमाधारक कामगाराला असा आजार कामामुळे झाला असेल, तर ईएसआय तो कामावरच्या दुखापतीसारखाच धरते. त्यामुळे हा इतिहास डॉक्टरांच्या कागदावर येणे उपचारासाठी गरजेचे आहे, आणि भरपाईसाठीही.