फेरे किती, पाणी किती?

मोठा आकडा दिसला की माणसाचे मन भुलते. संगणक घ्यावयास गेलेला गृहस्थ खोक्यावरील ‘गिगाहर्ट्झ’ वाचतो आणि ज्याचा आकडा मोठा तेच यंत्र सरस, असे मानून पैसे मोजतो. दुकानदार खोटे बोललेला नसतो. पण त्याने अर्धेच सांगितलेले असते.

विद्युत्‌चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणारा जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ (१८५७–१८९४) याचे नाव या मापाला मिळाले आहे. एखादी क्रिया सेकंदात किती वेळा घडते, एवढेच ते सांगते. एकदा घडली तर एक हर्ट्झ, दहा लक्ष वेळा घडली तर एक मेगाहर्ट्झ, शंभर कोटी वेळा घडली तर एक गिगाहर्ट्झ. त्या प्रत्येक वेळी काम किती उरकले, याविषयी हे माप मुके आहे.

पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैलांचे फेरे मोजून शेतात किती पाणी गेले हे कळत नसे. मोट केवढी होती, हेही पाहावे लागे. प्रोसेसरचेही असेच आहे. घड्याळाच्या ठोक्यांसारख्या विद्युत्‌स्पंदनांच्या तालावर तो चालतो. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचे फेरे, आणि एका ठोक्याला जेवढ्या आज्ञा पुऱ्या होतात ती त्याची मोट.

या फेऱ्यांच्या मोहात जाणतेही सापडतात. अमेरिकेतील इंटेल कंपनीने २००० साली पेंटियम ४ हा प्रोसेसर १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या वेगाने बाजारात आणला. २००४ पर्यंत तो वेग ३.८ वर गेला. ठोके जलद पडावेत म्हणून कामाचे बारीक बारीक तुकडे केले होते. त्यामुळे मोट लहान झाली. शिवाय यंत्र फार तापू लागले. ४ गिगाहर्ट्झचा बेत कंपनीला त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. २००६ मध्ये तिनेच कोअर २ ड्युओ आणला. त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झच्या आत होता. तरीही कामात त्याने जुन्याला मागे टाकले, कारण त्याची मोट मोठी होती, आणि एकाच्या जागी दोन होत्या! एकाच घडणीचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवले तर आकडा उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे. घडण बदलली की ती तुलना फसवी ठरते.

केबलवरचा आकडा तर निराळ्याच जातीचा. संगणकांना जोडणारी ‘कॅट ५ई’ ही केबल १०० मेगाहर्ट्झची म्हणतात. केबल स्वतः काहीच करीत नाही. तेवढ्या वारंवारतेपर्यंतचे संकेत ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे क्षीण न होऊ देता पोचविते, इतकाच त्याचा अर्थ. तरीही तिच्यातून सेकंदाला शंभर कोटी बिट जातात. १९९९ साली ठरलेली ही युक्ती सुंदर आहे. केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी संकेत धावतात आणि प्रत्येक संकेत दोन बिट वाहतो. चार गुणिले साडेबारा गुणिले दोन, म्हणजे शंभर! एका लहरीच्या चढउतारात दोन संकेत मावतात. म्हणून १०० मेगाहर्ट्झची हद्दही ओलांडली जात नाही.

घरातील यंत्रे एक गिगाबिटचीच असतील, आणि जुनी केबल धड असेल, तर तिच्या जागी २५० मेगाहर्ट्झची ‘कॅट ६’ घातल्याने चित्रे लवकर उघडणार नाहीत. नव्या केबलचे पैसे मात्र द्यावे लागतील.