मुली येत नाहीत, की त्यांना मत नाही?

मैत्रिणींनो, आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हल्ली कॉलेजच्या मुली चळवळीत येत नाहीत." राजापेठेत भाड्याच्या खोलीत राहून अमरावती विद्यापीठात एम.ए. करताना मी मोर्चांना जात होते, म्हणून हे वाक्य मला टोचतं. मुली येत नाहीत हे खरं. पण का, हे विचारायला आपण विद्यापीठाच्या फाटकाशी कितीदा गेलो?

राजकारण करणारी विद्यार्थिनी म्हटलं की डोळ्यांपुढे दिल्ली येते. आमचं विद्यापीठ 1983 सालचं, वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांचं. बहुतेक विद्यार्थी गावोगावच्या कॉलेजांत विखुरलेले, आवारात शिकणारे थोडे. एवढ्याशा जगात मुलीला गप्प करायला लाठी लागत नाही, ओळख पुरते. इर्विन चौकात धरण्याला बसलेली मुलगी कुणाच्या तरी मामाला दिसते आणि ती घरी पोचायच्या आत बातमी दर्यापूरला गेलेली असते.

माझ्या घरमालकीण काकू तशा मायाळू. पण नऊ वाजून गेले की दारात उभ्या. "कावून वं पोरी, इतला उशीर? शिकून रायली का पुढारीपणा करून रायली?" मीटिंग होती म्हटलं की आणखीच घाबरत. त्यांना मी फार दोष देत नाही. माझ्या वडिलांचा फोन त्यांनाच यायचा. वर्गातल्या मुलांना मात्र खोलीवर परतायची वेळ कुणी विचारली नाही. रात्री बाराला पत्रकं त्यांनीच चिकटवली, आणि पुढारीही तेच झाले.

या सगळ्याला तोंड देता येतं, पण त्यासाठी मुलीच्या मागे मतं लागतात. आणि इथेच खरी मेख आहे. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे हिंसाचाराचं कारण देऊन महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधली खुली निवडणूक बंद झाली. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी, आणि दोन मुली प्राचार्यांनी नेमायच्या, अशी रीत घातली. प्राचार्यांनी नेमलेली मुलगी प्राचार्यांना काय विचारणार? 2016 च्या कायद्याने थेट निवडणूक परत दिली, त्यात एक जागा विद्यार्थिनीची ठेवली. 2019 मध्ये वेळापत्रक निघालं, विधानसभेच्या निवडणुकीसाठी ते लांबणीवर टाकलं, मग करोना आला.

गंमत पाहा. त्याच 1989 साली मतदानाचं वय अठरावर आलं. एकविसाव्या वर्षी मुलगी सरपंच होऊ शकते, आणि 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. 2023 पासून आम्हाला एस.टी.चं तिकीटही अर्धं. फक्त शिकते त्या जागी मत मागू नये! लोकांना प्रश्न विचारत विचारत कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचं नाव विद्यापीठाला आहे, तिथे एवढं तरी विचारावं.

निवडणुका पैसेवाल्यांच्या आणि गुंडांच्या होतील, ही भीती आपल्यातही आहे. ती खोटी नाही. पण त्याच भीतीपोटी मुलींना रात्री कोंडून ठेवतात, ते आपण मान्य करत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी विनियमांत, जे मे 2016 मध्ये लागू झाले, हे स्पष्टच लिहिलं आहे: सुरक्षेच्या नावाखाली वसतिगृहातल्या मुलींना मुलांपेक्षा वेगळे नियम लावायचे नाहीत.

याच विनियमांत आणखी एक कलम आहे, ज्याकडे आपलंही लक्ष कमी गेलं. विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर अंतर्गत तक्रार समितीत तीन विद्यार्थी सदस्य हवेत: पदवीचा एक, पदव्युत्तर एक, संशोधन करणारा एक. आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत. यासाठी विद्यार्थी संसदेच्या निवडणुकीची वाट पाहायचं कारण नाही.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या गटांनी या सत्रात आपापल्या कॉलेजला एक अर्ज द्यावा, असं मला वाटतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत होतो. तीनच गोष्टी विचारायच्या: समितीतले विद्यार्थी सदस्य कोण, त्यांची निवड कोणत्या तारखेला झाली, आणि मतं कुणी दिली. अर्जावर सही मात्र आपल्यापैकी कुणा बाहेरच्या बाईची असू द्या, त्या कॉलेजात परीक्षेला बसणाऱ्या मुलीची नको.