सोमवारचा खोकला

तळोज्याच्या बाजूने उग्र वास आला की पनवेल परिसरात ओरड होते, निवेदने जातात. ती गेलीच पाहिजेत! पण विचुंब्यातल्या नव्या इमारतींच्या तळमजल्यावर काचेच्या दाराआड दहा-दहा तास राबणाऱ्यांच्या नाकात काय जाते, हे विचारायला एकाही पुढाऱ्याची पायधूळ झडत नाही!

एकदा शिरा अशा गाळ्यात. फर्निचरचे काम, दहा बाय बाराची जागा, उंची दहा फूट. एमडीएफचा बोर्ड कापला की पिठासारखा भुसा उडतो. पापण्यांवर बसतो, चहाच्या ग्लासात तरंगतो, छातीत मुक्काम करतो. बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडने डोळे चुरचुरतात. लाकडाची धूळ आणि हा वायू, दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. आणि कारागिराच्या तोंडाला काय? रुमाल!

शेजारच्या गाळ्यात संगणकांची रांग, खिडक्या कायमच्या बंद. मालक ऐटीत सांगतो, “आमच्याकडे एसी आहे.” अहो शहाणे, भिंतीवरचा तो एसी आतलीच शिळी हवा गार करून पुन्हा पुन्हा पाजतो! मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. खोलीत तो हजारावर गेला की हवा खेळत नाही असे समजावे. दुपारी डोके जड होते, डोळे मिटू लागतात, आणि साहेब त्याला आळस म्हणतो!

हा धोका ओळखायचा कसा, ते मुंबईच्या गिरणगावाने शिकवून ठेवले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून झगडून 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. कापसाच्या धुळीने बाधलेली छाती सुटीत मोकळी व्हायची आणि सोमवारी पाळीवर जाताच आवळायची. बिसिनोसिस या रोगाची ही ठळक खूण. तीच कसोटी आज लावा. घरी बरे वाटते, कामावर खोकला आणि डोकेदुखी. तेही एकट्याला नव्हे, शेजारच्या तिघांनाही? मग प्रकृतीला बोल लावू नका, हवेला लावा! मात्र नाकावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. बंद जागेत जनरेटर लावून झोपलेला माणूस उठतच नाही.

कायदा काय करतो? 1948 च्या कारखाना कायद्याने माणशी 14.2 घनमीटर जागा सांगितली, हवा खेळती ठेवायला सांगितले, धूळ उठेल तिथेच ओढून घ्यायला सांगितले. आपला तो फर्निचरचा गाळा भरतो 34 घनमीटर. म्हणजे जागा दोघांची, कोंबले चौघे! पण विजेवर चालणारा कारखाना ठरायला तिथे दहा कामगार लागत. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने तो आकडा वीसवर नेला. चौघांचा गाळा जाळ्यातून सुळकन निसटतो. बाहेरच्या हवेला 2009 ची राष्ट्रीय मानके आहेत. गाळ्यातल्या हवेला वाली कोण? पाटी मराठीत आहे की नाही हे बघायला माणूस येतो. आत हवा आहे की नाही हे बघायला कोणी फिरकत नाही. चौघांना फुप्फुसे नसतात काय?

आमची मागणी साधी आहे. परवाना देण्यापूर्वी उघडणारी खिडकी दाखवा. करवतीपाशीच भुसा ओढणारी यंत्रणा बसवा. जनरेटर बाहेर काढा. माणसे जागेच्या मापाने ठेवा. यातले काहीही परवडत नाही म्हणणाऱ्या मालकाने आठ दिवस स्वतः त्या करवतीपाशी उभे राहून दाखवावे!

आणि कामगार बंधू-भगिनींनो, एक वही घाला. येत्या सोमवारी शटर वर जाईल, पहिला खोकला येईल. तारीख आणि वेळ मांडा. चौघांच्या नोंदी जुळल्या की वही मालकापुढे टाका. पगाराची वही आजवर त्याने लिहिली; ही तुम्ही लिहा.