आज बावटा कितीचा?

रेणापूरहून समुद्र पाहायचा तर रात्रभर एसटीत बसावे लागते. म्हणून होडी, लाँच हा आपला विषयच नाही, असे घरोघरी समजतात. पण शाळेच्या सहली अलिबाग-घारापुरीला जातात, आणि इथे भंडारवाडीच्या रेणा धरणावर मुले पोहायला, मासे धरायला जातातच.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वादळी लाटा आल्या, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हता. रेवस ते किती लांब, तरी मुंबईला तासन्‌तास पत्ता लागला नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा मुंबईपासून दूर समुद्रात बुडाला. त्यावर २६१ जण होते. इथे रेडिओ होता, हाक पोहोचली, नौदलाने १८० हून अधिक जीव वाचवले. तरी सत्तरहून अधिक गेले. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. तराफा मात्र समुद्रातच राहिला. आम्हाला हेच जास्त खटकते.

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल जगभर संकटासाठी राखलेला आहे. त्यावर तीनदा 'मेडे' म्हणायचे, मग बोटीचे नाव, ठिकाण आणि माणसे किती ते सांगायचे. फोन एकालाच लागतो. ही हाक आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात. तटरक्षक दलाचा फोन १५५४.

सहलीच्या सूचनापत्रात गणवेश असतो, डबा असतो, हवामानाचा शब्द नसतो. पालकांनो, विचारा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर लाँचमध्ये मुलांना बसवायचे नाही, पैसे बुडाले तरी. लाइफ जॅकेट टांगलेले नको, अंगावर हवे.

धरणावर रेडिओ कुठला? तिथे काठावर एक जाणता माणूस हवा. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग पाहता पाहता चढतात, आणि पाण्यात उभ्या माणसाला विजेपासून आडोसा नसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. ते अम्मीच्या फोनमध्येही असू द्या, कारण पोरे धरणावर जाताना स्वतःचा फोन बहुधा घरीच ठेवतात.