नाबोथाचा द्राक्षमळा : राजाचे मोजमाप कशाने करावे?

१/ इ.स.पू. ८५३. अ‍ॅसिरियाचा सम्राट शाल्मनेसर तिसरा याला रोखण्यासाठी सीरियातील कर्कार येथे अनेक राजे एकत्र आले. सम्राटाच्या शिलालेखात या शत्रूंची यादी आहे. तीत इस्राएलचा राजा अहाब याच्या नावे २,००० रथ आणि १०,००० सैनिक नोंदले आहेत. यादीतील सर्वांत मोठे रथदळ हेच.

२/ रथांचा आकडा फुगवलेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तरीही अहाब बलाढ्य होता, यात शंका नाही. त्याचा पिता अम्री याचे नाव मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखातही आढळते.

३/ बायबलमध्ये मात्र कर्कारच्या लढाईचा उल्लेखही नाही. 'राजे' या पहिल्या ग्रंथात अम्रीची कारकीर्द जेमतेम सहा वचनांत आटोपते. याउलट इज्रेल गावच्या नाबोथ नावाच्या एका रहिवाशाच्या द्राक्षमळ्याला संपूर्ण २१ वा अध्याय दिला आहे.

४/ राजवाड्यालगतचा तो मळा अहाबाला भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने मोबदला देऊ केला. नाबोथाने नकार दिला. जमीन वडिलोपार्जित होती. आणि नियमशास्त्रानुसार जमिनीचा खरा मालक देव असल्याने ती कायमची विकता येत नसे.

५/ मग राणी ईजबेलने राजाच्या मुद्रेनिशी गावच्या वडीलजनांना पत्रे धाडली. त्यांनी उपास जाहीर केला, सभा भरवली, दोन खोटे साक्षीदार बसवले. देवाची व राजाची निंदा केल्याचा ठपका ठेवून नाबोथाला धोंडमार करण्यात आली. अहाब मळ्याचा ताबा घेण्यास निघाला.

६/ देहदंडासाठी किमान दोन साक्षीदार हवेत, हा नियमशास्त्राचाच दंडक. तोही येथे पाळला गेला. हा खून कायदा मोडून नव्हे, तर कायदा आणि धर्मविधी वापरून झाला.

७/ ख्रिस्ती प्रवचनांत या कथेचा दोष पुष्कळदा परदेशी राणीवर आणि बआलपूजेवर टाकला जातो. हे वाचन अपुरे आहे. एलीया संदेष्टा जाब विचारतो तो अहाबाला. पत्रे त्याने लिहिली नव्हती. लाभ मात्र त्याचा होता. आणि वडीलजनांपैकी एकानेही विरोध केल्याची नोंद नाही.

८/ या घटनेला शिलालेखांचा दुजोरा नाही, आणि ग्रंथकारांची स्वतःची भूमिका होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. परंतु शिलालेख राजे स्वतःच्या गौरवासाठी कोरवून घेत. येथे एका समाजाने आपल्याच राजाचा अपराध धर्मग्रंथात जपून ठेवला आहे. ही गोष्ट कोणत्याही रथदळापेक्षा मोलाची आहे.

९/ आजच्या ख्रिस्ती वाचकाने म्हणूनच स्वतःला अहाबाच्या नव्हे, तर इज्रेलच्या वडीलजनांच्या जागी ठेवून पाहावे. राजे थोडेच असतात. हुकूम मुकाट्याने पाळणारे पुष्कळ. मंडळीचा एखादा निर्णय प्रार्थनेने सुरू झाला, नियमांत बसला आणि त्यावर सह्या झाल्या, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. त्यात कोणाचा मळा गेला, हे सही करण्यापूर्वी विचारणे, हाच या अध्यायाचा धडा.