पोळीभाजीचा दक्षिणदिग्विजय

दिवाळीची सुटी जवळ आली कीं समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या जालना जिल्ह्यांतहि सुशिक्षित कुटुंबांत दक्षिणेच्या सहलीचे बेत सुरू होतात. ही गोष्ट सर्वथा अभिनंदनीय आहे. परंतु या सहलींच्या जाहिराती वाचतांना एक आश्वासन आम्हांस हटकून खटकतें. प्रवासांत सर्वत्र घरगुती महाराष्ट्रीय जेवण मिळेल, हें तें आश्वासन होय. कोचीचें बंदर, तेथील राजवाडा व देवालयें यांच्याहून ठळक अक्षरांत तें छापलेलें असतें, आणि पैसे भरणारें कुटुंब प्रथम त्याचीच खात्री करून घेतें. शिवाजी महाराजांनीं १६७७ सालीं दक्षिणेंत जी मोहीम केली तिला इतिहासानें दक्षिणदिग्विजय म्हटलें. आमच्या मध्यम वर्गाचा दक्षिणदिग्विजय असा कीं, आचारी व शिधा बरोबर न्यावा, पोळीभाजी अजिंक्य ठेवावी आणि तशीच परत आणावी!

कोणी म्हणेल, जेवणासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून एवढा त्रागा कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, परक्या गांवांत हिंडणें, तेथें खाणें आणि तो गांव पाहणें या निराळ्या गोष्टी नव्हेत. ज्याला गांवचें अन्न नको असतें त्याला गांवच्या रस्त्यांतहि फारसें उतरावें लागत नाहीं. आणि जो रस्त्यांत उतरत नाहीं त्याचें पाहणें चित्रांची वही चाळण्याइतपतच राहतें.

कोचीचेंच उदाहरण घेऊं. हें शहर पाण्यानें घडविलें आहे. १३४१ सालीं पेरियार नदीला आलेल्या महापुरानंतर जुन्या मुझिरिस बंदराचें महत्त्व गेलें व कोचीचें बंदर उदयास आलें, असें मानतात. अशा गांवांत फिरण्याचें स्वाभाविक साधन नाव हेंच होय. एर्नाकुलमहून फोर्ट कोची व मट्टांचेरी या बाजूंना राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी चालतात. २०२३ सालापासून शहरांत वॉटर मेट्रोहि सुरू झाली आहे. कामावर निघालेल्या लोकांच्या शेजारीं बसून खाडी ओलांडली म्हणजे बेटें, धक्के आणि जहाजें यांचा परस्परसंबंध कोणी न सांगतां ध्यानांत येतो. आमची मंडळी मात्र बसच्या बंद कांचेआडून पूल ओलांडतात, आणि त्या वेळीं बसमध्यें बहुधा अंताक्षरी चाललेली असते.

खालीं उतरल्यावर घड्याळाशीं शर्यत लागते. चिनी जाळ्यांपुढें फोटो, मग सेंट फ्रान्सिस चर्चमध्यें वास्को द गामाच्या थडग्यापुढें फोटो. त्या थडग्यांत गामा नाहीं. १५२४ सालीं त्याला येथें पुरलें खरें, पण १५३९ सालीं त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यांत आले, हें ऐकावयास कोणी थांबत नाहीं. नंतर मट्टांचेरीचा वाडा. पोर्तुगीजांनीं १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेल्या आणि डचांनीं दुरुस्त केल्यामुळें डच म्हणवल्या जाणाऱ्या या वाड्याच्या भिंतींवर रामायणाचीं चित्रें आहेत. ज्या घरांतून रामकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली त्या घरांतील माणसांनीं त्या चित्रांपुढें अर्धा तास उभें राहूं नये काय? पण बारा वाजलेले असतात आणि बसपाशीं पोळ्या निवत असतात. जवळच १५६८ सालचें परदेशी सिनेगॉग आहे. तें शनिवारीं दर्शकांस बंद असतें. वेळापत्रक आंखणाऱ्यानें तेवढें पाहिलें नाहीं, तर मंडळी बंद दाराचाच फोटो घेऊन परततात.

यांत सर्वांत मोठी हानि अशी कीं, त्या परमुलखांत जें आपल्या नात्याचें आहे तेंहि आपणांस भेटत नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जाचामुळें गोमंतकांतून बाहेर पडलेल्या सारस्वतांचीं घराणीं मट्टांचेरींत आहेत. त्यांचें तिरुमल देवस्थान आहे आणि घरांतून कोंकणी बोलली जाते. डच गव्हर्नर व्हान रीड यानें मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ करविला, त्यास इट्टि अच्युतन या मलयाळी वैद्याप्रमाणेंच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचें साहाय्य झालें. त्या तिघांची नागरी अक्षरांतील साक्ष १६७८ सालीं ॲमस्टरडॅम येथें निघालेल्या पहिल्या खंडांत छापलेली आहे. महाराजांची दक्षिणेंतील मोहीम आणि आपल्या लिपीचा हा समुद्रप्रवास एकाच काळांतले! पुढें एकोणिसाव्या शतकांत कोकणांतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाला धर्मविधि शिकविण्यास कोचीहूनच यहुदी शिक्षक आले. हें सारें ज्या गल्ल्यांत कळावयाचें, त्या गल्ल्यांत बस शिरत नाहीं.

आतां पोटाचा प्रश्न. आम्ही शाकाहारी, आम्हांस तेथें काय मिळणार, असें पुष्कळ सज्जन विचारतात. ज्या प्रांतानें केळीच्या पानावर अवियल, ओलन, कालन, तोरन, एरिशेरी आणि शेवटीं पायसम अशी संपूर्ण शाकाहारी 'सद्या' वाढण्याची रीत जपली आहे, त्या प्रांतासंबंधीं ही शंका असावी हेंच नवल! सकाळीं पुट्टु व काळ्या हरभऱ्यांची उसळ, किंवा अप्पम व भाज्यांचा रस्सा, यांत धर्म बुडण्यासारखें कांहीं नाहीं. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशीं नाकाला बोचेल. तिसऱ्या दिवशीं बोचणार नाहीं. आणि आमच्या मसाल्याच्या डब्यांतील मिरीं व वेलदोडे ज्या मुलखानें पिकविले, त्याच मुलखाच्या स्वयंपाकाला आम्हीं भ्यावें, यापरतें हास्यास्पद काय असूं शकेल?

न्यायबुद्धीनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या वृद्ध मातांनीं जन्मांत उंबरठा ओलांडला नाहीं त्यांना या सहलींनीं रामेश्वर व कन्याकुमारी दाखविली. ज्यांना पथ्य आहे त्यांना ओळखीचा मऊ भात मिळाला. हें उपकार लहान नव्हेत. परंतु आजीचें पथ्य पंचविशीच्या नातवानें कां पाळावें? जी सवलत दुर्बलांसाठीं होती तीच धडधाकटांची चैन झाली, एवढीच आमची तक्रार आहे.

वाचकांनीं क्षणभर उलट कल्पना करावी. केरळांतील शेंपन्नास माणसें आमच्या जालन्यास आलीं आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा आचारी आहे. ज्वारीची भाकरी, ठेचा, झाडावरून उतरलेली मोसंबी, यांपैकीं कशालाहि त्यांनीं हात लावला नाहीं. दोन ठिकाणीं फोटो काढून तीं निघून गेलीं. तीं आमचा जिल्हा पाहून गेलीं, असें आपण म्हणूं काय?

पण ते पाहुणे आम्हांस एक अवघड प्रश्नहि विचारूं शकतील: तुम्हीं तरी तो कोठें पाहिला आहे? भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथें १९७३ सालीं झालेल्या उत्खननांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली, आणि तिचें साम्य इटलींत पाँपेईच्या अवशेषांत १९३८ सालीं मिळालेल्या भारतीय मूर्तीशीं आहे. ज्या रोमी व्यापारानें मुझिरिसहून मिरीं नेलीं, त्याचाच एक धागा आमच्या केळणा नदीच्या कांठाजवळून गेला होता. त्याच नदीवर असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व भोसले यांच्या फौजांचा वेलस्लीनें पराभव केला. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब याच जिल्ह्यांत आहे. आमच्या किती पदवीधर कुटुंबांनीं हीं स्थळें नीट पाहिलीं असतील? परगांवीं कांहींएक न विचारतां फिरण्याची संवय जडली म्हणजे स्वतःच्या गांवींहि मनुष्य प्रेक्षकच राहतो.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. दहा दिवसांत बारा गांवें करण्याऐवजीं एका गांवीं चार दिवस राहावें. बोटीनें जावें, पायीं हिंडावें, निदान एक वेळचें जेवण तेथील लोक जेवतात तेथें घ्यावें, आणि मुलांना चार मलयाळी शब्द शिकूं द्यावेत. पोळीभाजी घरीं सुखरूप आहे. तिच्या रक्षणासाठीं कोचीपर्यंत पहारा नेण्याचें कारण नाहीं.