दप्तर कोणाच्या मालकीचे?

जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची कोतवाल बुकातील नोंद हवी होती. वडिलांनी एका कचेरीत चार हेलपाटे घातले. नोंद होती, पण ती कोणत्या रुमालात बांधली आहे हे एकाच कारकुनाला ठाऊक, आणि तो रजेवर! तोवर माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली.

त्याच महिन्यात संगणक कक्षात लिनक्सशी माझी गाठ पडली. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ती सुरू केली. फायली मांडण्याची रीत मात्र 1969 पासून घडत आलेल्या युनिक्सची. येथे सी, डी अशी ड्राइव्हची अक्षरे नाहीत. एका तिरप्या रेघेने दाखविलेले एकच मूळ, आणि सगळ्या फांद्या त्यालाच फुटलेल्या. 'होम'मध्ये प्रत्येकाचे आपले घर, 'ईटीसी'मध्ये यंत्रणेच्या मांडणीचे नियम, 'व्हार'मध्ये सतत बदलणाऱ्या नोंदी, 'टीएमपी'मध्ये तात्पुरता पसारा. दुसरी डिस्क जोडली तरी ती याच झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसते.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? माझ्या आईलाही उतरंडीतले कोणते मडके कशाचे हे अंधारात कळते. खरे आहे. पण आई आजारी पडली की आम्हाला मीठ सापडत नाही! लिनक्सकारांनी हा धोका ओळखला. कोणती फाइल कोठे ठेवावी याचे लेखी प्रमाण त्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केले, त्याची 3.0 ही आवृत्ती 2015 मध्ये निघाली. ते कोणालाही वाचता येते.

म्हणून सगळेच सर्वांना उघडे आहे असे नाही. वाचणे, लिहिणे आणि चालविणे यांच्या परवानग्या मालक, गट व इतर यांना वेगवेगळ्या देता येतात. कुलूप जरूर असावे. पण कपाट कोठे आहे हेच गुपित का असावे?

दोष आहेतच. 'यूएसआर', 'ईटीसी' ही नावे मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला कोडीच वाटतात. मात्र आपल्या घरातल्या फोल्डराला देवनागरी नाव देता येते. मी पहिल्याला नाव दिले, 'दाखले'.

ज्या दप्तराची मांडणी एकालाच ठाऊक, तेथे नोकरीची मिरासदारी होते, आणि तिची किंमत माझ्या वडिलांसारखे लोक बुडालेल्या रोजाने चुकवतात. कचेरीच्या दारावर रुमालांची यादी लावायला तर संगणकही लागत नाही!

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला